अर्धा मार्क

तेहतीस वर्षं मी रत्नागिरीच्या एका शाळेत दहावीला इंग्रजी शिकवलं, आणि तेहतीस वर्षं एका चुकीला न चुकता अर्धा मार्क कापला. प्रिव्हॅलंट आणि वाइडस्प्रेड. गाईडात दोन्हींचा अर्थ 'पसरलेला' असा छापलेला असायचा आणि पोरं डोळे मिटून एकाच्या जागी दुसरा ठोकून द्यायची. 'काल कोकणात पाऊस प्रिव्हॅलंट होता' असं पेपरात दिसलं की माझं डोकंच फिरायचं. अरे, पाऊस कसला प्रिव्हॅलंट? पाऊस वाइडस्प्रेड असतो. प्रिव्हॅलंट असते सर्दी. एक शब्द सांगतो किती जणांना, दुसरा सांगतो कुठवर. खडू आपटून आपटून सांगायचे मी. शिक्षकांच्या खोलीत माझ्यामागे हसायचे, बाई अर्ध्या मार्कासाठी जीव काढतात म्हणून. हसोत. माझी स्वतःची मुलगी त्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची, तिलाही मी कधी सोडलं नाही.

पोरांची एक अडचण मात्र खरी होती. मराठीत सर्दी गावात पसरते आणि सांडलेलं तेलही ताटभर पसरतं. शब्द एकच. मग फरक सांगायचा कसा? एकदा रात्रीच्या जेवणाला मी हे गाऱ्हाणं आमच्या ह्यांच्यापुढे मांडलं. हे बांगड्याचा काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, त्यात काय अवघड, तुडतुडा आणि भिरूड.

आमची शहराबाहेर कातळाच्या उतारावर, घराला लागूनच हापूसची बाग आहे. शंभरावर कलमं. आमच्याकडे आंब्याच्या झाडाला कोणी झाड म्हणत नाही, कलम म्हणतात. तुडतुडा म्हणजे मोहोरावर बसणारा बारीक किडा. मोहोरात हात घातला की तडतड उडतो. तो येतो तो सगळ्यांच्याच बागांत येतो, त्यामुळे त्याला कोणी घाबरत नाही. फवारणी केली की गेला. भिरुडाचं तसं नाही. ती अळी एखाद्याच कलमाला लागते, पण खोडात शिरते. बाहेरून पानं हिरवीगार, आणि आत खोड पोखरत पोखरत फांदीफांदीत जाते. बुंध्याशी भुसा पडलेला दिसतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. हे म्हणाले, पहिला रोग बागभर असतो, दुसरा अंगभर. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच सांगितलं, तुडतुडा प्रिव्हॅलंट, भिरूड वाइडस्प्रेड, आणि पोरांच्या डोक्यात एकदाचा उजेड पडला. पुढे दर वर्षी मी तेच उदाहरण दिलं. ते आपलं आहे हे ह्यांना माहीत होतं, पण कोणता इंग्रजी शब्द कोणत्या किड्याचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना त्याची गरजच काय होती!

जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला माणूस. इंग्रजी अक्षर बोट ठेवून लावायचे, पण अर्थासाठी माझ्याकडे यायचे. औषधाच्या बाटलीबरोबर घडी घातलेला तो पातळ कागद असतो ना, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा, तो दर हंगामात माझ्यापुढे यायचा. मी भिंग घेऊन वाचायचे. किती पाण्यात किती मिली, कोणत्या औषधात कोणतं मिसळायचं नाही, काढणीआधी किती दिवस फवारणी बंद. हे पाण्याचं पिंप भरत ऐकायचे. एकदाही त्यांनी कागद परत बघितला नाही. म्हणायचे, तू वाचलंस ना, मग झालं. इतर नवरे-बायका एकमेकांना काय काय म्हणत असतील ते म्हणोत, मला त्या पाच शब्दांइतकं गोड कधी काही वाटलं नाही.

बागेतलं मात्र मला काडीचं कळत नव्हतं. सकाळी शाळा, दुपारी पेपर, संध्याकाळी शिकवण्या. ह्यांना प्रत्येक कलम माणसासारखं ठाऊक. त्यांनी नावंसुद्धा ठेवलेली. एक होतं वकील, कारण ते दर वर्षी तारीख पुढे ढकलायचं, मोहोर भलताच उशिरा. एक होतं माहेरवाशीण, एक वर्ष यायची, एक वर्ष नाही. बांधाच्या दगडी गडग्याला टेकलेलं एक लंगडं. एकाच्या आंब्यात साका फार, वरून सोन्यासारखा आणि कापला की आत पांढरी गाठ, तर ते पेटीत घालायचं नाही, घरच्या रसाला ठेवायचं. हे सगळं त्यांच्या डोक्यात. कुठे लिहिलेलं नाही, पाटी नाही, रंगाचा पट्टा नाही. मला चिडवायला कधी बागेत नेऊन विचारायचे, ओळख बघू, हे कोणतं कलम? मी म्हणायचे, आंब्याचं. दर वेळी तेच विचारायचे, दर वेळी मी तेच सांगायचे, आणि दर वेळी हे पोट धरून हसायचे. चाळीस वर्षं एका विनोदावर संसार केला म्हणा ना.

परवाच्या वर्षी गणपती गेले आणि ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. पहिल्यांदा ज्या डॉक्टरकडे गेलो तो माझाच विद्यार्थी. त्याने पोट दाबून बघितलं आणि ह्यांना धीर द्यायला म्हणाला की काका, पोटाची दुखणी आपल्याकडे फार प्रिव्हॅलंट आहेत, आधी तपासण्या करू, मग बोलू. रिक्षात बसल्या बसल्या ह्यांनी विचारलं, तो काय म्हणाला? मी म्हटलं, सर्रास असतात, घरोघरी असतात. शब्द बरोबर वापरला म्हणून मला पोराचं कौतुकच वाटलं होतं. किती मूर्ख असतो आपण.

दसऱ्याच्या आधी स्कॅन झाला. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरने ह्यांना रक्त द्यायला दुसऱ्या खोलीत पाठवलं आणि मला थांबवून घेतलं. तेव्हाच मला कळलं. वर्गात नापास पोराच्या आईला मी अशीच थांबवून घ्यायचे. त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. यकृत, फुप्फुस, पोटातल्या गाठी, आणि ह्या सगळ्यांच्या आधी तो शब्द. वाइडस्प्रेड. मी त्याला विचारलं की आंब्याच्या हंगामापर्यंत तरी? तो पेनाचं टोपण काढत राहिला, लावत राहिला. मग म्हणाला, "बाई, जे काही करायचं असेल, ज्यांना बोलवायचं असेल, ते दिवाळीच्या आसपास करून घ्या. पुढचं मला सांगता येत नाही." आणि मग म्हणाला, काकांना मी सांगू की तुम्ही सांगाल? मी म्हटलं, मी सांगेन. आयुष्यभर मीच वाचून सांगितलंय त्यांना.

घरी आलो. हे पडवीत खुर्चीवर बसले, पाकिटातून कागद काढला आणि बोट ठेवून वाचायला लागले. मी पाणी आणायच्या मिषाने आत गेले होते, ती दारातच थांबले. शब्द लांबलचक होते, पण त्यांचं बोट नेमकं त्या एका शब्दावर जाऊन थांबलं. डब्ल्यू, आय, डी. मला हाक मारली. मी गेले.

"हा शब्द काय गो?" त्यांनी विचारलं. "तुडतुड्यासारखं की भिरुडासारखं?"

त्यांनी इतकं सरळ विचारलं की आता सांगायला मला लाज वाटते. दुसरं काही विचारलं असतं तर मी गोलगोल बोलले असते, डॉक्टर बघतोय म्हटलं असतं, अजून तपासण्या आहेत म्हटलं असतं. पण त्यांनी माझंच उदाहरण, म्हणजे त्यांचंच उदाहरण, माझ्यापुढे ठेवलं आणि चेहरा वर केला. स्वच्छ चेहरा. औषधाच्या कागदाच्या वेळी असायचा तसा. मला तो चेहरा बदललेला बघायचा नव्हता. बस, एवढंच. लोक म्हणतात की तुम्ही त्यांच्यासाठी खोटं बोललात, बाई, शेवटचे दिवस सुखात गेले. साफ खोटं आहे. मी माझ्यासाठी बोलले.

"तुडतुड्यासारखं," मी म्हटलं. "डॉक्टर मागे म्हणाला नव्हता, प्रिव्हॅलंट? हा त्याचाच भाऊ. सर्रास असतं."

"तू वाचलंस ना," हे म्हणाले, "मग झालं." आणि कागदाची घडी घालून पाकिटात ठेवली.

त्या रात्री ते व्यवस्थित जेवले. दुसऱ्या दिवशी बागेत गेले. आणि आठवडाभरात सगळ्या वाडीला सांगून मोकळे झाले. जो भेटेल त्याला. पोटाचं आहे हो, पण परवलंट आहे, घाबरायचं काय त्यात, औषध चालू आहे. परवलंट! मला तो उच्चारसुद्धा सुधारता आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यासमोर शब्द चुकवत होतं आणि मी खाली मान घालून चहा ओतत होते. आमच्या शेजारी पोफळीच्या वीजगृहातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. यंत्रांची इंग्रजी पुस्तकं वाचण्यात जन्म गेलेला. त्यांनी एकदा मला कुंपणाशी गाठून हळूच विचारलं, वहिनी, रिपोर्टमध्ये नक्की शब्द काय आहे? मी त्यांच्यावर अशी उखडले की ते बिचारे महिनाभर आमच्याकडे फिरकले नाहीत. त्यांचं काय चुकलं होतं? काही नाही.

आता मुलीचं. एकच मुलगी, ऑस्ट्रेलियात नोकरीला, नवीन नोकरी. वर्षातून एकदाच लांब रजा. ती आधीपासून विचारत होती की दिवाळीला येऊ की एप्रिलात. ह्यांच्या मनात गेली दोन वर्षं एकच गोष्ट होती. बाग पुढे तिची. ती परत येऊन आंबा करील असं नाही, पण बाग कोणाला लावायला दिली तरी मालकिणीला आपलं कलमन् कलम माहीत हवं, नाहीतर कोणीही टोपी घालील, असं ते म्हणायचे. तिला बरोबर घेऊन सगळी बाग फिरायची. वकील कुठला, माहेरवाशीण कुठली, साका कशात, भिरूड कुठल्या खोडात येऊन गेलंय. दोन दिवस पुरतील म्हणायचे. सकाळ-संध्याकाळ फिरलो की झालं. दुसरी कसलीच इच्छा नव्हती त्या माणसाची. काशी नको, रामेश्वर नको.

दिवाळीला पंधरा दिवस होते. हे फोन हातात घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, तिला आत्ताच बोलावू, की आंब्याला? तू काय म्हणतेस? त्यांचं मत आंब्याकडे झुकत होतं. झाडावर फळ असताना दाखवण्यात मजा, नुसत्या पानांत काय दिसणार, असं त्यांचं चाललं होतं. पण त्यांनी विचारलं मला. कारण तब्येतीचा कागद मी वाचला होता.

डॉक्टरचं वाक्य माझ्या कानात होतं. दिवाळीच्या आसपास. मी 'आत्ता बोलवा' म्हटलं असतं तर हे विचारणार, का? आणि मग तो चेहरा. बरं, ह्यांना वगळून मुलीला एकटीला सांगावं, तर ती दुसऱ्या दिवशी विमानात बसणार आणि रजा नसताना आलेली बघून हे पुन्हा विचारणार, का? मी माझ्याच शब्दात अडकले होते. आणि खरं सांगू? तोवर मी स्वतःही थोडी फसले होते. हे हिंडत होते, फिरत होते, कामगारांवर ओरडत होते. मनात यायचं, डॉक्टर म्हणजे काय देव आहे? माझ्याच वर्गात बसलेलं पोर ते. व्याकरणात नेहमी गडबड करायचं.

मी म्हटलं, आंब्याला.

मुलीने फोनवर रिपोर्टचा फोटो मागितला. मी म्हटलं, फाईल डॉक्टरकडे आहे. एक खोटं बोललं की त्याला सोबत लागते. ती म्हणाली, नक्की ना आई? मी म्हटलं, नक्की. तिने एप्रिलची रजा टाकली.

मार्गशीर्षात एक चांगला दिवस मिळाला. तो मी कोणाला देणार नाही. ह्यांना हेदवीच्या गणपतीला जावंसं वाटलं. जयगडच्या खाडीतून फेरीबोटीत गाडी घालून पलीकडे उतरलो, दर्शन घेतलं, परत येताना पुन्हा बोटीत. ऊन कोवळं, खाडीला वारा. हे कठड्याला टेकून उभे होते. पँट ढगळ झाली होती, पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं, तरी चेहऱ्यावर तेज. म्हणाले, चैत्रात तिला घेऊन येऊ ना इथे. तिला ही बोट फार आवडायची लहानपणी, इंजिनाशी जाऊन उभी राहायची.

त्या क्षणी मी सांगणार होते. देवाशप्पथ सांगणार होते. तोंड उघडलं होतं. अजून वेळ होता, फोन केला असता तर चार दिवसांत पोरगी आली असती, हे चालत होते, बोलत होते, बाग दाखवू शकत होते. मी "अहो" म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खिशातून रुमाल काढून माझ्या डोक्यावर बांधायला लागले. त्यांना वाटलं मला वारा लागतोय. काय गो, कान दुखतील तुझे, म्हणाले. मी गाठ बांधू दिली. बोट धक्क्याला लागली. मी बोललेच नाही. हजारो पोरांना मी ओरडून ओरडून सांगितलंय की उत्तर येत असेल तर हात वर करा, गप्प बसू नका.

पौषात मोहोर फुटला. वर्ष चांगलं होतं, बाग नुसती वासाने भरलेली. आणि ह्यांचे शब्द जायला लागले. आधी मला वाटलं थकवा आहे. चहाच्या कपाला पिंप म्हणाले. मग एक दिवस बागेतून घाबरेघुबरे परत आले आणि पायरीवर बसून राहिले. म्हणाले, वकिलाचं नाव आठवेना. मी म्हटलं, अहो, आत्ता तुम्हीच तर म्हणालात, वकील. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी परकी आहे. डॉक्टर घरी आला. बॅटरी डोळ्यांत मारून बघितली, मला बाजूला घेऊन म्हणाला, डोक्यात गेलंय बाई. आता कुठेही जाऊ शकतं ते. मला ठाऊक होतं. वाइडस्प्रेड. अर्थ मला विचारा.

मी मुलीला फोन केला. फक्त 'ये' म्हटलं. तिने काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी तिची गाडी दारात लागली. तोवर ह्यांचं उठणं बंद झालं होतं आणि बोलण्यात एकच शब्द राहिला होता. हे. पाणी हवं, तरी हे. कूस बदलायची, तरी हे. मुलीला त्यांनी ओळखलं. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिचा हात धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट खिडकीकडे केलं. खिडकीतून बागेचा वरचा कोपरा दिसतो, पाच-सहा कलमं.

"हे," ते म्हणाले.

"काय बाबा? हे काय?"

"हे." बोट थोडं सरकलं, पुढच्या कलमावर. "हे."

दोन दिवस. जाग असेल तेवढा वेळ तेच. ती उशाशी बसून प्रत्येक कलमाकडे बघायची, हो बाबा, कळलं बाबा म्हणायची. तिला काही कळत नव्हतं, आणि तिला कळत नाही हे त्यांना कळत होतं. ते जास्त जोर लावायचे. हे. कपाळावर घाम यायचा. मी पायाशी बसून तळवे चोळत होते. मला वाटत होतं आत्ता धरणीने मला पोटात घ्यावं. दोन दिवस पुरतील असं ते म्हणाले होते. मिळाले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.

तेराव्यापर्यंत घरात माणसं होती. सगळी हेच म्हणत होती की अगदी अचानक झालं, परवापर्यंत तर परवलंट आहे म्हणत हिंडत होते. पोफळीवाले शेजारी कोपऱ्यात बसून असायचे, माझ्याकडे बघायचे नाहीत. माणसं पांगल्यावर मुलीने कपाटातली फाईल काढली. मी स्वयंपाकघरात होते. पानं उलटल्याचा आवाज आला आणि मग यायचा थांबला. मी भांडी घासत राहिले. घासलेलीच परत घासली.

संध्याकाळी ती म्हणाली, आई, बागेत चल. गेलो. मोहोर गळून कैऱ्या धरल्या होत्या, वाटाण्याएवढ्या, सगळीकडे. ती पुढे, मी मागे. फाईलमधला तो कागद तिच्या हातात होता. वरच्या गडग्याशी जाऊन ती थांबली. आवाज चढवला नाही. माझ्यासारखी नाही ती, बापावर गेली आहे. म्हणाली, सराव परीक्षेत मी लिहिलं होतं, गावात ताप वाइडस्प्रेड नाही पण एका आळीत वाइडस्प्रेड आहे. आठवतं तुला? मला आठवत होतं. मी लाल शाईने खोडून वर प्रिव्हॅलंट लिहिलं होतं आणि अर्धा मार्क कापला होता. ती घरी येऊन रडली होती. ह्यांनी रदबदली केली होती, देऊन टाक गो, पोर आहे. मी म्हटलं होतं, नाही. शब्दाला शब्द म्हणजे शब्दाला शब्द.

"तुला फरक माहीत होता, आई," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तुझ्या बाबांचा चेहरा, फेरीबोट, तो रुमाल, सगळं ओठांवर आलं. पण ती सगळी कारणं माझी होती. तिच्या वाट्याचे दोन दिवस मी खाल्ले होते, बापाच्या पायांत बळ होतं आणि जिभेवर नावं होती तेव्हाचे. ते मी कुठून आणून देणार? माफ कर असं म्हणावंसं वाटलं, तेही जमलं नाही. मग तिने कागदाची घडी घातली. अगदी बापाने घातली होती तशीच, आडवी, मग उभी.

तिची रजा संपत आली होती. आठवड्याने विमान होतं. तिने डोळे पुसले आणि जवळच्या कलमाच्या खोडावर हात ठेवला. खिडकीतून दिसणाऱ्यांपैकीच ते एक. ह्यांचं बोट पहिल्यांदा ज्याच्यावर गेलं होतं ते. वर बघितलं, फांद्या बघितल्या, बुंध्याशी वाकून बघितलं. मग माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच हवं होतं.

"हे कोणतं कलम, आई?"

मी त्या कलमाकडे बघितलं. चाळीस वर्षं माझ्या अंगणातून दिसत होतं ते. वकील असेल. माहेरवाशीण असेल. साक्याचं असेल.

"आंब्याचं," मी म्हटलं.